पाणबुड्याचे घड्याळ : गरज की दागिना?

सोनपेठपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते, खडक्याला तिच्यावर बंधारा आहे, आणि त्यापलीकडे खोल पाण्याशी आमच्याकडच्या मुलांची ओळख होते ती विहिरीतच. त्यामुळे आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा मालवणला जाऊन पाणबुड्या झाला, याचे आम्हां सर्वांना मोठे नवल वाटले होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. त्याची माहिती काढत काढत तो त्या किनाऱ्यावर पोचला आणि आता सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखालची दुनिया दाखवतो.

त्याने मला लिहिले, "सर, पहिल्या हंगामाचे थोडे पैसे शिल्लक पडले आहेत. इथे येणाऱ्या काही पाहुण्यांच्या हातात पाणबुड्याचे घड्याळ असते. जाड, वजनदार, २०० मीटर लिहिलेले. मला तसले एक घ्यावेसे वाटते. वडील म्हणतात, त्या पैशात शेतातली मोटार दुरुस्त होईल. तुम्ही काय म्हणता?"

घड्याळ आणि मोटार यांत निवड करणे हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचे काम नव्हे. पण त्या घड्याळाचा पाणबुड्याला उपयोग किती, हा प्रश्न मात्र आपल्या आवाक्यातला आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातले दाबाचे नियम नीट लावले तर तो सुटतो. मी त्याला जे उत्तर पाठवले, तेच येथे जरा विस्ताराने देत आहे.

पाणी किती दाबते?

आपल्याकडे विहिरीची खोली सांगताना परस हे माप वापरतात. कोकणातले कोळी समुद्राची खोली वावात मोजतात. दोन्ही मापे माणसाच्या शरीरावरून आलेली. आपण मीटर घेऊ. सुमारे १० मीटर पाण्याचा स्तंभ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. डोक्यावरचे संपूर्ण वातावरणही साधारण तितकाच दाब देते. म्हणजे १० मीटर खोल गेलेल्या माणसावर एकूण दाब २ वातावरणे, २० मीटरवर ३, आणि ३० मीटरवर ४.

आता घड्याळाची ३ सेंटिमीटर व्यासाची काच घ्या. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. घड्याळाच्या आत साधी हवा असते, म्हणून काचेला सोसावा लागतो तो फक्त पाण्याचा दाब. ३० मीटरवर तो २१ किलोग्रॅम वजनाइतका होतो. २०० मीटरवर १४० किलोग्रॅम! सोयाबीनचे क्विंटलभराचे पोते त्या इवल्याशा काचेवर ठेवले तरी हा भार पुरा होणार नाही. काच जाड का, पाठीचे झाकण आट्यांचे का, आणि वेळ लावायची चावीही स्क्रूसारखी फिरवून घट्ट का बसवायची, हे यावरून ध्यानात येईल. झाकण, काच आणि चावी या तिन्ही ठिकाणी रबरी वायसर बसवलेले असतात. नळाच्या तोटीत असतो तसाच हा वायसर, फक्त नाजूक. पाणी अडवण्याचे काम खरे तर तोच करतो.

हे झाले घड्याळाचे. त्याच दाबाने पाणबुड्याचे काय होते?

पाण्याखाली मिनिटे का मोजायची?

आपल्या शरीरात बहुतांश पाणी आहे आणि पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळे पाणबुड्या चिरडला जात नाही. अडचण आहे ती हवेची. खोलवर श्वास घ्यायचा तर सिलिंडरमधून येणारी हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवी. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमील गान्यां यांनी जे श्वसनयंत्र सिद्ध केले, ते हेच काम आपोआप करते. माणूस जितका खोल जाईल तितक्या दाबाची हवा ते देते.

पण याची किंमत मोजावी लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरणे दाबाने हवा भरली, तर तीत मोकळ्या हवेच्या हिशेबाने २४०० लिटर हवा मावते. पाव हिस्सा, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवायचा. उरली १८०० लिटर. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असे धरू. पृष्ठभागावर ही हवा ९० मिनिटे पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा मावते, म्हणून ४५ मिनिटे. २० मीटरवर ३० मिनिटे आणि ३० मीटरवर जेमतेम साडेबावीस. सिलिंडर तोच, माणूस तोच, पण खोलीबरोबर मिनिटे आटत जातात.

हवेचा साठा दाखवणारा काटा पाणबुड्याजवळ असतोच. म्हणजे एवढ्यासाठी घड्याळ लागते असे नाही. घड्याळ लागते ते दुसऱ्या आणि अधिक कपटी कारणासाठी.

जत्रेतला गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलली की बाटलीतला दाब एकदम उतरतो आणि पाण्यात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने उसळतो. बाटली बंद असताना तोच वायू डोळ्यांना दिसतही नव्हता. जास्त दाबाखाली द्रवात वायू जास्त विरघळतो, हा हेन्रीचा नियम. पाणबुड्याच्या रक्तात आणि स्नायूंत हवेतला नायट्रोजन असाच विरघळत जातो. शरीर त्याचा काही उपयोग करीत नाही, तो नुसता साठतो. किती साठेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती खोल, आणि किती वेळ. पाणबुड्या झपाट्याने वर आला तर त्याच्या अंगात गोटी सोडा फुटतो. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, आणि कधी प्राणही जातो.

या रोगाची ओळख समुद्राच्या आधी पुलांच्या पायात झाली. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेने भरलेल्या प्रचंड पेटाऱ्यांत मजूर खोदकाम करीत. वर आल्यावर त्यांतील कित्येक जण वेदनांनी वाकून जात. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग याच विकाराने कायमचा अधू झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले की दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. मग ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके प्रसिद्ध केली. अमुक खोलीवर अमुक मिनिटे राहिलात तर वर येताना कुठे आणि किती थांबायचे, हे त्यांत दिलेले असे. माणसाआधी ते शेळ्यांवर का अजमावले, हे सांगायला नको. त्या बिचाऱ्यांचे उपकार पाणबुडे आजही फेडत आहेत!

पुढे अमेरिकी नौदलाची कोष्टके जगभर वापरली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाललेल्या त्या जुन्या कोष्टकांप्रमाणे सुमारे १८ मीटरवर ६० मिनिटे, ३० मीटरवर २५ मिनिटे आणि ४० मीटरवर अवघी १० मिनिटे राहिले तर वाटेत न थांबता वर येता येई. वर येण्याचा वेगही ठरलेला होता, मिनिटाला १८ मीटर. आता तो निम्म्यावर आणला आहे, आणि मिनिटांच्या मर्यादाही बहुतेक ठिकाणी अधिक कडक धरतात. कोणी वाचक पुढे पाणबुड्या झालाच, तर त्याने हे जुने आकडे वापरू नयेत. ते येथे दिले आहेत एवढ्याचसाठी, की ४० मीटरवरची दहा मिनिटे आणि अकरा मिनिटे यांतला फरक किती महाग पडू शकतो ते कळावे.

आणि पाण्याखाली वेळेचा अंदाज येत नाही. मासे पाहता पाहता पाच मिनिटे गेलीशी वाटतात, तेव्हा पंधरा झालेली असतात. त्या काळी पाणबुड्याजवळ तीन वस्तू असणे अनिवार्य होते : खोलीमापक, कोष्टक आणि घड्याळ. यांतली एकही नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग शून्य.

घड्याळ पाण्यात उतरले

पाण्यापासून सुरक्षित असे मनगटी घड्याळ रोलेक्स कंपनीने १९२६ साली काढले. त्याची जाहिरातही पाण्यातच झाली. मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात गळ्यात ते घड्याळ बांधून अनेक तास काढले. खाडी त्या दिवशी पार झाली नाही, पण घड्याळ चालू राहिले.

खास पाणबुड्यांसाठी घडवलेली घड्याळे आली ती १९५३ च्या सुमारास. ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः पाणबुडे होते. एकदा वेळेचे भान न राहिल्याने पाण्याखाली त्यांची हवा संपली आणि त्यातून या घड्याळाची कल्पना सुचली, असे सांगतात. घड्याळाचे नाव त्यांनी ठेवले 'पन्नास वाव', म्हणजे सुमारे ९१ मीटर. मालवणच्या कोळ्याला ते नाव समजावून सांगावे लागणार नाही.

या घड्याळाची सगळ्यांत हुशार गोष्ट म्हणजे तबकडीभोवतीचे फिरते कडे. त्यावर ० ते ६० मिनिटांच्या खुणा असतात. पाण्यात उतरताना कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. त्यानंतर मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल, तितकी मिनिटे पाण्याखाली झाली. वजाबाकी नको, आठवण नको. खोल पाण्यात नायट्रोजनमुळे मेंदूला हलकी गुंगी येते, तेव्हा वजाबाकी न करावी लागणे ही चैन नसते.

आता एक कोडे. चांगल्या घड्याळात हे कडे एकाच दिशेने फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. का बरे? पुढे वाचण्यापूर्वी कागदावर तबकडी काढून पाहा.

समजा, उतरताना मिनिटकाटा ४ च्या आकड्यावर होता आणि शून्याची खूण तेथे लावली. दहा मिनिटांनी काटा ६ वर आला, कडे १० मिनिटे दाखवते. आता खडकाला धक्का लागून कडे उलट दिशेने पाच मिनिटे सरकले, तर खूण ३ वर जाईल आणि कडे १५ मिनिटे दाखवील. पाणबुड्या पाच मिनिटे लवकर वर येईल. नुकसान काही नाही. तेच कडे काट्यांच्या दिशेने सरकले असते तर त्याने ५ च मिनिटे दाखवली असती आणि तो नसलेल्या वेळेच्या भरवशावर खाली राहिला असता. म्हणून ती वाटच बंद करून टाकली. धक्का लागणारच हे मान्य करून, धक्क्याने होणारी चूक माणसाला वाचवणाऱ्या बाजूलाच पडावी, अशी ही योजना. मला स्वतःला त्या महागड्या घड्याळांतली सोन्या-पोलादाची कारागिरी फारशी भुलवत नाही, पण हे एकतर्फी कडे मात्र वर्गात दाखवावेसे वाटते.

'३० मीटर' म्हणजे ३० मीटर नव्हे

आपल्यापैकी पुष्कळांच्या साध्या घड्याळांवरही '३० मीटर' किंवा '३ वातावरणे' असे लिहिलेले असते. विक्रेत्याला विचारा, तो सांगेल की हात धुवा, पावसात भिजा, पण पोहू नका. मग ३० मीटर कशाला लिहायचे? हा खोटेपणा नाही का?

याचे एक ठरावीक स्पष्टीकरण सांगितले जाते. पोहताना हात हलतो, त्यामुळे पाण्याचा दाब कितीतरी वाढतो, म्हणून ३० मीटरचे घड्याळ एका मीटरवरही टिकत नाही. आपण हे पडताळून पाहू. वाहत्या पाण्याच्या आघाताचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पोहणाऱ्याचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतो असे धरले, आणि हा वेग भरपूरच झाला, तर उत्तर येते १२,५०० पास्कल. म्हणजे सव्वा मीटर पाण्याचा दाब, बस्स! विहिरीच्या कठड्यावरून ५ मीटर खाली उडी घेतली तर पाण्याला भिडताना वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, आणि दाब ५ मीटर पाण्याइतका. सपाट आपटलात तर क्षणभर त्याहून जास्त. पण नुसत्या हात हलवण्याने ३० मीटर भरून निघत नाहीत.

खरे कारण वेगळे आहे. ३० मीटरची चाचणी होते ती कारखान्यात, नव्या कोऱ्या घड्याळावर, स्थिर पाण्यात, थोडा वेळ. साध्या घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक नगाची चाचणी बंधनकारक नाही, नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालते. पुढे दोन-तीन वर्षांत घाम, साबण आणि ऊन यांनी वायसर कडक होतो, चावी जरा ओढलेली राहते, काचेला ठोकर लागते. आकडा मात्र पाठीवर तोच राहतो. बॅटरी बदलताना रस्त्यावर झाकण उघडून वायसर न बदलता पुन्हा बसवले, तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

पाणबुड्याच्या घड्याळासाठी वेगळे मानक आहे, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ तपासावे लागते, तेही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली. किमान १०० मीटर हवेतच. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे हेही दिसले पाहिजे. आत ओल शिरली का हे पाहण्याची त्यातली युक्ती फार सोपी आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला दव धरले तर घड्याळ नापास. सोनपेठला हा प्रयोग करायला भट्टी लागत नाही, मे महिन्यातली दुपार पुरते.

विहिरीतले खोलीमापक

पाणबुड्याच्या तीन वस्तूंपैकी खोलीमापक तुम्ही स्वतः बनवू शकता. एक १५ सेंटिमीटर लांबीची परीक्षानळी घ्या. तिच्या लांबीची कागदाची पट्टी कापून तिच्यावर पाण्याने फुटणाऱ्या शाईची उभी रेघ ओढा आणि ती पट्टी नळीत आतून बसवा. नळीचे तोंड खाली राहील अशी ती एका दगडाबरोबर दोरीला बांधा. दोरीवर मीटरच्या गाठी मारा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, कठड्याबाहेर उभे राहून, हे सारे विहिरीत सोडा. पाण्यात कोणी उतरायचे नाही.

नळीतल्या हवेला बाहेर जायला वाट नाही. पाणी तोंडातून आत शिरते आणि हवेला दाबते. बॉइलच्या नियमाने दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे. ५ मीटर खोल सोडलेल्या नळीत हवेचा स्तंभ १० सेंटिमीटर उरेल आणि पाणी ५ सेंटिमीटर वर चढेल. १० मीटरवर दोन्ही साडेसात. नळी वर काढल्यावर शाई कुठवर फुटली आहे ते मोजा आणि खोली काढा.

दोन बारकावे लक्षात ठेवा. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब गोड्या पाण्याच्या १०.३ मीटर स्तंभाइतका असतो. सोनपेठ समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच असल्याने येथे तो साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे १० मीटरला जवळजवळ भिडणारा. आपला हिशेब सोपा झाला तो या उंचीच्या कृपेने. दुसरे, विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे हवा थोडी आकसते आणि खोली किंचित जास्त भरते. नळी आधी विहिरीच्याच पाण्यात बाहेरून गार करून घेतली तर ही चूक बरीच कमी होईल.

हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी जहाजावरून समुद्राची खोली मोजण्यासाठी वापरली होती. त्यांच्या काचनळीला आतून सिल्व्हर क्रोमेटचा लाल लेप असे, आणि खारे पाणी पोचे तिथवर तो पांढरा पडे.

तिघांचे काम एकाने घेतले

खोलीमापक, कोष्टक आणि घड्याळ या त्रिकुटात एक मूळचीच अडचण होती. कोष्टक असे धरून चालते की पाणबुड्या सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. प्रत्यक्षात तो थोडा वेळ २५ मीटरवर, मग १५, मग ८ अशा पायऱ्यांनी वर येतो. त्याच्या अंगातल्या नायट्रोजनचा खरा हिशेब दर क्षणी बदलतो, आणि तो पाण्याखाली तोंडी करणे शक्य नाही.

१९८३ साली अमेरिकेत 'ओर्का एज' नावाचे यंत्र बाजारात आले. त्यात दाब मोजणारा संवेदक, अंतर्गत घड्याळ आणि गणित करणारी चकती एकत्र होती. खोली सतत मोजायची, शरीरातल्या वेगवेगळ्या ऊतींत किती नायट्रोजन साठला असेल याचा हिशेब करायचा, आणि 'या खोलीवर आणखी इतकी मिनिटे' असे दाखवायचे. आज याचीच लहान रूपे मनगटावर बांधतात आणि त्यांना डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. वर येण्याचा वेग जास्त झाला तर ते ओरडतात, ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा मोजून देतात, आणि दुसऱ्या बुडीच्या वेळी पहिलीचा शिल्लक नायट्रोजन लक्षात ठेवतात.

पाणबुड्याच्या घड्याळाची खरी नोकरी त्याच दिवशी गेली. तरी दुकानातून ते हटले नाही. उलट आकडे वाढले : ३०० मीटर, ६०० मीटर, १००० मीटर. हवेवर श्वास घेणारा हौशी पाणबुड्या ४० मीटरच्या खाली जात नाही. हजार मीटरचे घड्याळ त्या खोलीवर सुखरूप पोचेल, पण मनगटाचा मालक पोचणार नाही. त्यातही रोलेक्सचे एक खास घड्याळ २३ जानेवारी १९६० रोजी ट्रिएस्ट या पाणबुडीला बाहेरून बांधून सुमारे १०,९०० मीटरवर नेऊन चालू स्थितीत वर आणले होते. ते पराक्रम म्हणून मोठेच, पण त्याची काच फुग्यासारखी फुगीर होती आणि मनगटावर ते कोणी बांधत नसे.

काही घड्याळांना हेलियम सोडणारी छोटी झडपही असते, आणि तिचे पैसे वेगळे पडतात. तिची गरज कोणाला? त्यासाठी मुंबईच्या समुद्रात जावे लागेल. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. तेथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल. तळावरच्या नळांची कामे करणारे पाणबुडे रोज खाली-वर करीत नाहीत. ते जहाजावरच्या बंद कक्षात, तळाइतक्याच दाबाखाली, हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात दिवसेंदिवस राहतात. त्यांच्या शरीरात वायू पूर्ण संपृक्त झालेला असतो. हेलियमचे अतिसूक्ष्म कण वायसरमधून घड्याळात शिरतात. मग दाब उतरवताना ते बाहेर पडायला धडपडतात आणि आतून काच उडवू शकतात. झडप आहे ती यासाठी. मालवणच्या पाण्यात तिचा उपयोग काडीचाही नाही.

या पाणबुड्यांचा दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. २७ जुलै २००५ रोजी समुद्र सुरक्षा हे जहाज मुंबई हायच्या तेलफलाटावर आदळून भीषण आग लागली आणि बावीस माणसे गेली. त्या वेळी जहाजावरच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. बाकीच्यांसारखे पाण्यात उड्या टाकून पळणे त्यांना शक्य नव्हते. दार उघडले असते तर आगीआधी बुडबुड्यांनीच त्यांचा जीव घेतला असता. सुमारे छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. पाण्याखालची मिनिटे आणि तास हे किती कठोर चलन आहे, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

मग काय लिहिले?

मी त्या मुलाला लिहिले ते असे.

पर्यटकांबरोबरच्या बुड्या पाच-दहा मीटरच्या आणि थोड्या वेळाच्या असतात. पाहुण्याला तर घड्याळाची गरजच नाही, त्याची वेळ तू पाहतोस. पण तू दिवसातून अनेकदा वर-खाली करतोस. तुझा धोका एका खोल बुडीचा नाही, अनेक उथळ बुड्यांचा आणि वारंवार वर येण्याचा आहे. तो हिशेब कोणतेही घड्याळ ठेवणार नाही, कॉम्प्युटर ठेवील. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर आधी साधा, बॅटरी तुला स्वतःला बदलता येईल असा कॉम्प्युटर घे. संस्थेचा वापरायला मिळत असेल तर तेही नको.

कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर काय, असे तू विचारशील. बुडी तेथेच संपवायची, हळूहळू वर यायचे, ५ मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबायचे. ती मिनिटे मोजायला घड्याळ उपयोगी आहे, हे खरे. पण त्यासाठी ते शंभर-दोनशे मीटरचे, ६४२५ मानकाचे आणि फिरत्या कड्याचे असले की पुरे. त्या वर्गातले स्वस्तातले घड्याळही तेच तीन मिनिटे मोजते. दोन-तीन वर्षांनी वायसर बदलून दाबाची चाचणी करून घ्यायला विसरू नकोस. तो खर्च आताच किमतीत धर. आणि श्वास रोखून वर येऊ नकोस. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट होते, तिथे घड्याळ आणि कॉम्प्युटर दोन्ही निरुपयोगी.

आणखी एक. सुट्टीवर घरी येताना शेवटच्या बुडीनंतर लगेच गाडीत बसू नकोस. आंबोली घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे आणि वर हवेचा दाब कमी. दिवसभर अनेक बुड्या मारल्या असतील तर एक रात्र किनाऱ्यावर काढून निघ. विमानाने जाणाऱ्यांना तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात. एवढा वेळ मोजायला कोणतेही घड्याळ चालेल.

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. एका परतणाऱ्या प्रशिक्षकाकडून त्याने वापरलेला कॉम्प्युटर घेतला आणि उरलेल्या पैशांतून मोटारीचे वाइंडिंग करून घेतले. बोटीवर वेळ पाहायला वडिलांचे जुने, चावीचे एचएमटी असते. उडी मारण्यापूर्वी ते काढून तो डब्यात ठेवतो.